अर्थ लागत नाही

"हॉर्न द्या," साहेब म्हणाले.

मी स्टिअरिंगच्या मधलं काळं बटण तळहाताने दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. या वेळी पुढच्या जाळीमागून, घशात कफ अडकलेल्या माणसाने झोपेत हुंकार द्यावा तसा एक आवाज आला आणि विरला. साहेबांनी हातातल्या कागदावरची नजर न काढता विचारलं, "हा हॉर्न आहे?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पासिंगला आणलेल्या गाडीचा हॉर्न वाजावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे. पण त्याआधीचा अर्धा तास आरटीओच्या त्या मैदानात माझ्याच गाडीचा बोलबाला होता. डंपरवाले, रिक्षावाले, स्कूलबसचे ड्रायव्हर मोबाइल काढून फोटो घेत होते. एकाने फोटोसाठी लेकराला बॉनेटवर बसवायला उचललं, मग त्याच्या लक्षात आलं की या गाडीला बॉनेटच नाही. गाडी हॉर्नवर नापास झाली तशी तीच मंडळी तितक्याच आपुलकीने सल्ले देऊ लागली. नवा हॉर्न टाका. बॅटरी उतरली असंल. फ्यूज बघा. एक जण म्हणाला, "पुढच्या टायमाला तोंडानं वरडा की!"

गाडी महिंद्राची एफसी-१५०, म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल', मॉडेल १९७३. मूळची अमेरिकेतल्या विलिस कंपनीची. तिकडे ती १९५६च्या अखेरीस आली. आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. सीजे-५ जीपच्या ८१ इंची व्हीलबेसवर होईल तितका लांब हौदा बसवायचा होता. मग ड्रायव्हरला पुढे सरकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अख्खी केबिन उचलून पुढच्या चाकांवर ठेवली, इंजिन दोन सीटांच्या मध्ये लोखंडी पेटीखाली गेलं आणि गाडीचं नाकच उडालं. महिंद्राने १९६५ साली ती आपल्याकडे बनवायला घेतली. आमच्या गावात तिला 'चपटी' म्हणत. या शब्दाचा दुसरा अर्थ बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. तो अण्णांनाही ठाऊक होता, म्हणून त्यांना हे नाव मुळीच आवडत नसे.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी ही गाडी १९८१ साली जुनी म्हणून घेतली आणि पुढची वीस-बावीस वर्षं आमच्या गुऱ्हाळातला गूळ तिच्यातून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नेला. हौद्यात किती रवे भरावेत याबद्दल सरकारचं एक मत होतं आणि अण्णांचं दुसरं. पावसाळ्यात केबिनमध्ये मुंग्यांची रांग असायची आणि सीटला कायम काकवीचा वास. गुऱ्हाळ बंद पडलं तशी गाडीही शेडमध्ये उभी राहिली. अण्णा गेल्यानंतर बरीच वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत.

नोकरीतून मोकळा झालो आणि मी ती दुरुस्त करायला घेतली. हौस दांडगी होती. केबिन उतरवली, चेसिस उघडी केली, वाळूचा मारा करून गंज काढला आणि तिला पावडर कोटिंग केलं. केबिनखाली नवे रबराचे पॅड घातले. सगळं वायरिंग नवं. हे करताना अण्णांनी वेळोवेळी केलेले 'उद्योग' एकेक करून उपटून काढले. डॅशखाली तारेने बांधलेलं घरच्या बेलचं तपकिरी बटण. इस्त्रीच्या वायरचे तुकडे. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. कुठून कुठे गेलेली, हिरवी पडलेली तांब्याची एक वेणी. कंपनीने दिली तशी गाडी मला हवी होती. हा सगळा कचरा सिमेंटच्या पोत्यात भरून शेडच्या कोपऱ्यात टाकला. तो मी भंगारवाल्याला का दिला नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी आणली आहे, हे मला माहीत होतं. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि दिसायला मोठी ऐटबाज वाटतात. पण ती खासगी गाड्यांसाठी आहे, आणि त्या नंबरावरची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला तर चपटीतून बाजारहाट करायचा होता. म्हणून हे पासिंग, आणि म्हणून हा हॉर्न.

*

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिनांसाठी आणि ओतकामासाठी नावाजलेलं. तिथे जुन्या गाडीचा कुठलाही भाग हातात धरून दहा मिनिटं उभं राहिलं, की तो भाग बनवणारा नाही तरी त्याला ओळखणारा माणूस भेटतोच. मला ज्यांच्याकडे पाठवलं ते मिस्त्री सत्तरी पार केलेले. दुकान आठ बाय दहाचं. दारात पोट फाडलेला डायनॅमो, आत वॉर्निशचा आणि बॅटरीच्या अॅसिडचा वास, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली सेल्फ स्टार्टरची आर्मेचरं.

"काय हुतंय?"

"हॉर्न गेलाय."

"कशावरनं?"

मी तयारीने गेलो होतो. हॉर्नच्या दोन्ही वायरी सोडवल्या, भाच्याला बटण दाबून धरायला सांगितलं आणि त्या वायरींना मल्टिमीटर लावला. साडेबारा व्होल्ट आले, बॅटरीचे पूर्ण. म्हणजे वायरिंग ठीक आहे, हॉर्न मेला आहे.

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "मीटर कितीला घेतला?"

"दोन हजारांना."

"मंग दोन हजाराचं खोटं बोलतोय त्यो."

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे जुन्या हेडलाइटचा बल्ब. त्याला दोन वायरी डागलेल्या, एकीला चिमटा, दुसरीला सुई. नाव टेस्ट लॅम्प. मी जिथे मीटर लावला होता तिथेच त्यांनी तो लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. बल्ब पिवळा पेटला. नंतर तोच बल्ब थेट बॅटरीवर धरला तर डोळे दिपले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गाडीच्या विजेशी खेळणारे निम्मे हौशी लोक याच जागी फसतात. मीटर व्होल्ट मोजताना वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. दहा धाग्यांच्या वायरीचे नऊ धागे तुटले आणि एकच केसाएवढा उरला, तरी मीटर साडेबाराच दाखवणार. हॉर्नला मात्र चारेक अँपिअर लागतात. ते त्या केसातून जायला निघाले की व्होल्ट वाटेतच सांडतात. हेडलाइटचा ४५ वॅटचा बल्ब पावणेचार अँपिअर घेतो, म्हणजे त्याचं ओझं जवळपास हॉर्नएवढंच. मिस्त्रींच्या शब्दांत, "नळाला पाणी हाय का ते बोट लावून कळत न्हाई. घागर लावावी लागती."

मग त्यांनी हॉर्न हातात घेतला, दोन वायरी थेट बॅटरीला टेकवल्या आणि समोरच्या लेथवरचा पोरगा दचकून मागे सरला. हॉर्न जिवंत होता. चांगला ठणठणीत होता.

*

गाडीचा हॉर्न आतून कसा असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्रींनी एक मेलेला हॉर्न कानस लावून उघडला. आत तारेचं गुंडाळं, त्यासमोर पोलादाची पातळ चकती, म्हणजे डायफ्रॅम, आणि बाजूला दोन पॉइंट. करंट आला की गुंडाळं चुंबक होतं आणि चकतीला ओढतं. चकती ओढली जाताना तीच पॉइंट उघडते. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबक मरतो, चकती परत येते, पॉइंट पुन्हा जुळतात. स्वतःच स्वतःला तोडायचं आणि जोडायचं, सेकंदाला चारशे-पाचशे वेळा. घरची जुनी घंटीवाली बेल याच युक्तीवर वाजायची, फक्त सावकाश. मागे एक स्क्रू असतो, त्याने पॉइंटचं अंतर कमीजास्त होतं. आवाज बसला की लोक पहिल्यांदा त्याच स्क्रूला पिळतात आणि बसलेल्या आवाजाचा पुरता गळा दाबतात.

हॉर्न फक्त 'टक' करत असेल तर पॉइंट जळालेत किंवा चकती गंजून अडकलीय. गुळगुळ आवाज येत असेल तर आत पाणी. शंखासारख्या वळलेल्या हॉर्नमधून आवाज कोंडल्यासारखा येत असेल तर मिस्त्री आधी टॉर्च मारून तोंडात बघतात, कारण उभ्या गाडीत कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला यापेक्षा चांगली जागा मिळत नाही. यातलं माझ्या हॉर्नला काहीच झालेलं नव्हतं.

फळीवर हॉर्नच्या जोड्या ठेवल्या होत्या, एक 'हाय' आणि एक 'लो'. मिस्त्रींनी दोन्ही एकदम वाजवून दाखवले. लो साधारण ४०० हर्ट्झचा, हाय ५००च्या आसपास. चारास पाच हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि देवल क्लबच्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. एकटा लो भसाडा, एकटा हाय किरटा, आणि दोन्ही मिळून वाजले की गाडी अंगाने मोठी वाटते. "अण्णांच्या गाडीला जोडी होती," मी म्हणालो. "मी मूळचा एकच ठेवला." मिस्त्री काही बोलले नाहीत.

*

आता सर्किट. हे समजलं नसतं तर पुढचं काहीच समजलं नसतं.

घरातल्या दिव्याला दोन वायरी जातात, एक येणारी आणि एक परत नेणारी. गाडीत परतीची वायर बहुधा नसते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसिसला बांधलेलं असतं आणि गाडीचं सगळं लोखंडच परतीची वायर म्हणून वापरतात. यालाच अर्थ, अर्थिंग किंवा 'बॉडी अर्थ' म्हणायचं. जुन्या जीपच्या हॉर्नमध्ये आणखी एक गोष्ट असते. बटण येणाऱ्या बाजूला नसतंच. बॅटरीचा करंट हॉर्नपाशी चोवीस तास हात जोडून उभा असतो. हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून एक वायर स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून वर बटणापर्यंत जाते. बटण दाबलं की ती वायर दांड्याच्या लोखंडाला टेकते, करंटला परतीची वाट मिळते आणि हॉर्न वाजतो. स्टिअरिंग गरगर फिरतं, मग वायर पिळून तुटत कशी नाही? तर खाली दांड्यावर एक कडं बसवलेलं असतं आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेला ब्रश घासत राहतो. दोष यायला जागा भरपूर: ब्रश झिजतो, कडं काळं पडतं, बटणाखालची स्प्रिंग मरते, वायर आतल्या आत सोलवटते. शेवटचं झालं तर उलटा प्रकार, हॉर्न बंदच होत नाही. रात्री दोन वाजता सुरू झालेला असा हॉर्न गावाने वर्षानुवर्षं लक्षात ठेवलेला असतो.

मिस्त्रींची पद्धत एकच, वाट अर्ध्यावर तोडायची. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला वायर लावून ती चेसिसच्या, पावडर कोटिंग खरवडलेल्या एका बोल्टला टेकवली. हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरीपासून हॉर्नपर्यंत सगळं नीट, दोष हॉर्नपासून बटणाकडे. मग बटण उघडलं, आतली वायर काढली आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून आणलेल्या लांब वायरीला भिडवली. खणखणीत. म्हणजे दांड्यातली वायर, कडं, ब्रश, सगळं नीट. तीच वायर तिथेच दांड्याच्या लोखंडाला टेकवली. हं... आणि पुन्हा तोच कफ.

"आता बगा," म्हणत त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले. हेडलाइट केबिनच्या कपाळावर आहेत. ते पेटले तसा हॉर्न आणखी दबला आणि मीटरपट्टीवरचा पेट्रोलचा काटा वाऱ्याने हलावा तसा हलला. मिस्त्रींनी इंजिनाच्या पेटीचं झाकण उचललं, आत हात घातला आणि दोन मिनिटं तसेच बसून राहिले. मला वाटलं, विचार करताहेत.

"हितं हात लावा."

चोकची केबल होती. ऊन लागत होती. चहाचा कप रिकामा केल्यावर कान धरावा तितपत ऊन.

इंजिन बंद होतं. चोकच्या केबलला विजेशी काही देणंघेणं नाही. डॅशवरची मूठ ओढली की कार्बोरेटरची झडप फिरवायची, एवढंच तिचं काम. पण ती केबिनपासून इंजिनापर्यंत जाणारी लोखंडी तार होती आणि केबिनमधला करंट परतीची वाट शोधत होता. हॉर्नचे चार अँपिअर, हेडलाइटचे सात-साडेसात, सगळे त्या बिचाऱ्या तारेतून वाट काढत होते.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तुमच्या केबिनला अर्थच लागत न्हाई."

त्यांनी हे अगदी सरळ, कामाच्या भाषेत सांगितलं. मराठीत या वाक्याचं आणखी काय होतं, ते माझं मी घरी जाताना ऐकलं.

कारण अगदी उघड होतं आणि ते कारण मीच होतो. जुन्या गाडीत केबिन आणि चेसिस यांच्यामध्ये रबर होतं, पण कुजलेलं. गंज होता, चिखल होता, झिजलेले बोल्ट एकमेकांना चिकटलेले होते. घाण असली तरी धातूला धातू कुठे ना कुठे टेकत होता. मी सगळं सोलून काढलं आणि प्रत्येक भागाला चारी बाजूंनी पावडर कोटिंग केलं. हा रंग म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेलं प्लॅस्टिकच, वीज अडवायला अव्वल. स्टिअरिंगचा बॉक्स रंगाच्या थरावर बसला, केबिन नव्या कोऱ्या रबरावर. दोन वर्षं खपून आणि सांगायला लाज वाटावी इतके पैसे घालून मी केबिनला गाडीपासून तोडून दाखवलं होतं. परदेशातले जुन्या पिकअपचे शौकीनही रंगकामानंतर याच जागी अडकतात: गाडी नवरीसारखी दिसते आणि बटण दाबलं की मुकी.

*

तो अष्टमीचा दिवस. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे उद्यमनगरात कुणी हत्याराला कामासाठी हात लावणार नव्हतं. सहज म्हणून गेलो. लेथला झेंडूच्या माळा, भात्याला झेंडू, आणि मिस्त्रींच्या टेबलावर पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि तो टेस्ट लॅम्प ओळीने मांडून हळदकुंकू लावलेलं. बल्बाच्या काचेवर कुंकवाचं एक बोट. माझा मल्टिमीटर आदल्या दिवशी तिथेच राहिला होता, त्यालाही मिस्त्रींनी कुंकू लावलं होतं. खोटं बोलणाऱ्यालाही सणाला वगळायचं नसतं, असा काहीतरी हिशेब असावा. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक मोटार पाहायला गर्दीत उभा राहिलो. सगळे दर्शन घेत होते आणि मी बघत होतो तिच्या हॉर्नकडे.

सुटीच्या त्या दोन दिवसांत हॉर्नबद्दल मिळेल ते वाचलं. इंग्लंडात १८६५च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल बावटा घेतलेला माणूस चालायचा. तोच तेव्हाचा हॉर्न म्हणायचा. मग रबरी फुग्याचे भोंगे आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत मिलर रीझ हचिसनने क्लॅक्सन काढला, ज्यात दातेरी चाक चकतीवरच्या खिळ्याला घासायचं आणि 'आऽऊगा' असा आवाज निघायचा. याच हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. तेव्हा आधी लोकांना बहिरं करून मग यंत्र विकायचा त्याचा बेत आहे, अशी थट्टा व्हायची.

आपल्याकडे मात्र कुणाला हॉर्न वाजवायला शिकवावं लागलं नाही. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून आपण आमंत्रणच देत आलो. त्या 'ओके'च्या जन्मकथा प्रत्येक ढाब्यावर वेगळ्या ऐकायला मिळतात. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ही ओळ लिहायला बंदी केली, कारण ती विनाकारण हॉर्न मारायला उत्तेजन देते. बंदीनंतर रंगवलेले कितीतरी ट्रक हीच ओळ मिरवत माझ्यासमोरून गेलेत. २०२०च्या सुरुवातीला समोर आलेल्या एका प्रयोगात मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं होतं. आवाज ८५च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितकं थांबा. नितीन गडकरींनी २०२१ साली नाशकात सांगितलं, की हॉर्नमध्ये बासरी, तबला, पेटी अशा वाद्यांचे आवाज असावेत असा त्यांचा विचार आहे. मला त्यावर हसू आलं होतं. मिस्त्रींच्या फळीवरचा षड्ज-गंधार ऐकल्यापासून थोडं कमी येतं.

*

दसरा झाल्यावर मिस्त्री गाडीखाली आडवे झाले आणि बराच वेळ आतच राहिले. मग आतून हाक आली. केबिनच्या मागच्या खालच्या पट्टीला एक भोक होतं, बोटभर जाड, आणि त्याच्या बरोबर खाली चेसिसलाही एक. दोन्ही भोकं कंपनीची नव्हती. कुणीतरी हाताने ड्रिल मारलेलं, थोडं तिरकं. माझ्या पावडर कोटिंगने त्यांच्या कडा नीट झाकल्या होत्या.

"हितं कायतरी हुतं," मिस्त्री म्हणाले. "हितनं तितं. काय काढलासा का?"

मला पोतं आठवलं.

गावी जाऊन ते उलटं केलं. बेलचं बटण निघालं. अण्णांनी बसवलेला दुसरा हॉर्न निघाला. आणि ती वेणी निघाली: वीतभर लांब, अंगठ्याएवढी रुंद, तांब्याच्या बारीक तारांची, दोन्ही टोकांना बोल्टसाठी भोकं पाडलेली. कुठल्या तरी भंगारातल्या गाडीची बॅटरीची अर्थ पट्टी असावी. ती भोकांवर धरली आणि बरोबर बसली. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी हे कुणाला विचारून केलं, की चोकची केबल हाताला लागून त्यांना कळलं, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. मी मात्र डिप्लोमा इंजिनिअर असून ती वेणी पाहिली, कुरूप आहे म्हणून पक्कडीने तोडायला गेलो, तुटेना म्हणून बोल्ट काढून फेकली. हे मिस्त्रींना सांगितलं नाही.

त्यांनी दोन्ही भोकांभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडून लोखंड चमकवलं. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तो रंग कितीला पडला होता ते मलाच माहीत. वेणी लिंबू आणि मीठ लावून घासली, देवाची भांडी घासतात तशी, आणि पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवली. खाली दातेरी वॉशर घातला, म्हणजे दाते धातूत रुततात आणि हादऱ्याने जागा सुटत नाही. बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन चोपडलं. सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं.

मी हट्टाने मल्टिमीटर काढला. आधीचे आकडे मी टिपून ठेवले होते, या वेळी ओझ्यासकट, म्हणजे बटण दाबलेलं आणि हॉर्न जोडलेला असताना. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. हॉर्नच्या दोन टोकांमध्ये ७.९. केबिनचं लोखंड आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये ३.८, जिथे खरं तर शून्याच्या जवळ काहीतरी हवं. उरलेले ०.८ बटणात आणि ब्रशात. वेणी बसल्यावर केबिन आणि निगेटिव्हमध्ये ०.१.

"आता खरं बोलला," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी दुसरा हॉर्न उचलला. जोडीच बसवू, म्हणाले, पण रिले टाकून. इथे आमचं वाजलं. रिले मूळ गाडीत नव्हता आणि मला मूळ गाडी हवी होती. मिस्त्रींनी बटणाचा पॉइंट दाखवला: एका हॉर्नच्या ठिणग्यांनीच तो काळवंडला होता, दोन हॉर्नचे आठ अँपिअर त्याच्यातून गेले तर वर्षभरात खलास. रिले बसवला की बटणाने फक्त रिलेच्या छोट्या गुंडाळ्याला अर्थ द्यायचा, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. ओझं उचलणारा पॉइंट रिलेच्या पोटात, झाकलेला. रिलेच्या चार पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ही जर्मन मानकाची देणगी, पण उद्यमनगरात अक्षरओळख नसलेल्या पोरालाही ती पाठ: ३० बॅटरीचा, ८७ हॉर्नकडे जाणारा, उरलेले दोन गुंडाळ्याचे. "तुमचा अण्णा काय कंपनीला इचारून पट्टी लावत हुता व्हय?" मिस्त्रींनी विचारलं. रिले बसला. त्यांनी तो डॅशच्या मागे, बघणाऱ्याला दिसणार नाही असा लपवला, एवढी माझी अब्रू राखली.

बेलचं बटण त्यांनी हातात घेऊन निरखलं. "जोडी ह्याच्यावर चालवली त्यांनी? रिलेबिगर?" बहुधा स्टिअरिंगचं बटण जळाल्यावर अण्णांनी ते लावलं असणार. घरच्या बेलच्या बटणातल्या त्या पातळ पत्र्यावरून आठ अँपिअर. निम्मा आवाज तर तिथेच जळत असणार, असं मिस्त्रींचं म्हणणं.

संध्याकाळी गाडी गावी नेली. फाटकापाशी आलो आणि अण्णांच्या सवयीप्रमाणे दोनदा हॉर्न दिला. षड्ज आणि गंधार, पूर्ण बारा व्होल्टवर. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ऐंशी पार केलेली, कानाने अजून पक्की. तिने मान वर करून बघितलं.

"कुणाचा रं ह्यो?"

"आपल्या गाडीचा. चपटीचा. दोन्ही हॉर्न लावले, अण्णांचेच."

"न्हाई," आई म्हणाली. "त्यांचा असा न्हवता. त्यांचा बसका हुता. लांबनं आला तरी कळायचा." आणि शेंगा फोडू लागली.

रात्री मिस्त्रींना फोन केला. बेलचं बटण परत लावून रिले काढला तर आवाज बसेल का, म्हणून विचारलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती.

"बसंल की," ते म्हणाले. "पर आदी पासिंग हू द्या."